भिंगरीच्या हातातला पेला

एक खुर्ची घ्या आणि तिच्यावर बसा बरं. बसलात? आता समजा, ती खुर्ची म्हणजे होडी आणि खालची फरशी म्हणजे नदी. दोन्ही हातांत दोन वल्ही आहेत. हात पुढे न्या, वल्ही पाण्यात बुडवा आणि छातीकडे ओढा. होडी निघाली! पण कुठे निघाली? समोर? छे! तुमच्या पाठीच्या दिशेनं. वल्हवणाऱ्याची गंमतच ही, की जिकडे जायचं तिकडे त्याची पाठ असते आणि जे सोडून निघालो तिकडे तोंड. मोटारवाला पुढचं बघत जातो, होडीवाला मागचं बघत जातो. विश्वास बसत नसेल तर आणखी एकदा ओढून बघा. आईनं विचारलं, हे काय चाललंय, तर सांगा, नदीवर गेलोय, तासाभरात येतो.

एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर अशा एका नदीच्या काठी वीस-बावीस घरांची एक वाडी होती. पोटभर जेवल्यावर माणूस जसा सुस्तावतो, तशी नदी तिथल्या वळणावर सुस्तावायची. म्हणून सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं होड्या फिरवायला तिथे यायची. धक्क्यावर लाल पत्र्याची एक चहाची टपरी होती, तिच्या शेजारी सुताराचं दुकान, आणि त्याच्या शेजारी टोप्यांचं. टोपीवाला मोठा चतुर. सकाळी टोप्या विकायचा, दुपारी वाऱ्यानं त्या नदीत उडायच्या, आणि संध्याकाळी हा खालच्या अंगाला लांब काठी घेऊन उभा. धुऊन, वाळवून, पुढच्या रविवारी त्याच टोप्या पुन्हा दुकानात. एका पाहुण्यानं म्हणे स्वतःचीच टोपी त्याच्याकडून तीनदा घेतली होती आणि प्रत्येक वेळी म्हणाला होता, "वा, ही अगदी मापाची बसते!"

होड्या होत्या आत्याच्या. सोळा होड्या, सगळ्या निळ्या. ती भिंगरीची सख्खी आत्या, पण अख्खी वाडी तिला आत्याच म्हणायची. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला पोस्टमनसुद्धा.

आणि भिंगरी म्हणजे आपल्या गोष्टीतली मुलगी. वय वर्षं दहा. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत राहायचं. एका जागी ती कधी उभी राहिली नाही, म्हणून ती भिंगरी. सहाव्या वर्षापासून ती होडी वल्हवत होती आणि आता झोपेतही वल्हवू शकली असती. पण वल्ही आत्याची असायची. स्वतःची वल्ही नव्हती.

वल्ही मात्र तयार होती. सुतारकाकांनी भिंगरीच्या हाताचं माप घेऊन, हलक्या लाकडाची, गुळगुळीत, तेल पाजलेली अशी वल्ह्यांची जोडी बनवली होती. दोन महिने ती आत्याच्या खोपटात, भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेली होती. भिंगरी रोज येता-जाता त्यांच्याकडे बघायची. हात लावायची सोय नव्हती, कारण ती मिळवावी लागत.

कशी मिळवायची, ते ऐका.

आत्या म्हणायची, "होडी आपली, पण वल्ही पाहुण्याच्या हातात. आपलं काम वल्हवायचं नाही, शिकवायचं." म्हणून वाडीतल्या प्रत्येक पोराची एक परीक्षा असे. जन्मात कधी होडीत न बसलेला पाहुणा शोधायचा. त्याला वल्हवायला बसवायचं, आपण त्याच्या समोर, होडीच्या शेवटच्या फळीवर बसायचं, आणि त्याच्याच हातून होडी बेटाला वळसा घालून धक्क्याला परत आणवायची. आपण वल्ह्याला बोटसुद्धा लावायचं नाही. आणि बोट लावायचा मोह होऊ नये म्हणून दोन्ही हातांत नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला एक पेला धरायचा. परत येताना पेल्यात निम्म्याहून जास्त पाणी असलं, तर वल्ही तुमची.

सोपं वाटतं ना? भिंगरीलाही वाटलं होतं.

पहिल्या परीक्षेला तिला मिळाला एक कॉलेजातला मुलगा. तो एक वल्हं पाण्यात घालायचा आणि दुसरं आकाशात. भिंगरीनं चार मिनिटं दम धरला. पाचव्या मिनिटाला पेला ठणकन खाली पडला आणि तिनं दोन्ही वल्ही हिसकावून घेतली.

"चार मिनिटं," आत्या काठावरून म्हणाली. "तुझ्या दादानं सहा काढली होती."

दादा म्हणजे तिचा चुलतभाऊ. तो तिसऱ्या खेपेला पास झाला होता, पण बोलायचा असा की जणू पोटातूनच वल्ही घेऊन आला होता.

दुसऱ्या वेळी मिळाले बँकेतले एक साहेब. या वेळी भिंगरीनं हात पेल्याला चिकटवून ठेवले, पण जीभ मोकळी होती. "अहो, तसं नाही! अहो, डावा! डावा म्हणजे डावा! किती वेळा सांगायचं!" साहेब डावा हात ओढायचे आणि होडी भलतीकडेच जायची. बेटापाशी पोचल्यावर साहेब शांतपणे उतरले, एका दगडावर तिच्याकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "मी इथेच राहतो. घरी कळवा." शेवटी आत्या दुसरी होडी घेऊन गेली, सोबत किटलीभर चहा, आणि त्यांची समजूत काढून त्यांना घेऊन आली.

आज हंगामाचा शेवटचा रविवार होता. उद्यापासून होड्या काठावर उपड्या पडणार, त्यांना डांबर फासणार, आणि पुढचे पाच महिने नदीवर कुणी येणार नाही.

"काका, पुढच्या हंगामात द्याल ना मला तीच वल्ही?" सकाळी भिंगरीनं सुतारकाकांना विचारलं होतं.

सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढून तिचा हात मापला आणि मान हलवली. "पुढच्या हंगामात हात दोन बोटं वाढलेले असतील, पोरी. तुला ती तोकडी पडतील. दुसऱ्या कुणाला तरी देऊ."

दुसऱ्या कुणाला तरी! सकाळपासून भिंगरी तीनदा खोपटाच्या दारात जाऊन त्या खिळ्यांकडे बघून आली होती.

दुपारी चारच्या सुमाराला धक्क्यावर एक जोडपं आलं. बाई उंच, हातात पंखा, डोळ्यांत मिश्कील हसू. गृहस्थ गोल, घामाघूम, आणि बुटांना पॉलिश असं की नदी त्यात दिसावी.

"मी मोटार शिकवतो," गृहस्थांनी कुणी न विचारता सांगितलं. "बावीस वर्षं. हजारावर माणसं माझ्या हाताखालून गेली. त्यापुढे होडी म्हणजे काय हो? चार चाकं वजा केली की झाली होडी."

"हो का?" त्यांची बायको म्हणाली. "मग बसा की."

"तू नाही येत?"

"मी? तुमच्या हातात काही फिरवायला दिलं की मी काठावरच बरी. आणि शिकायचं तर नावच नको. मला मोटार शिकवायला निघाले होते हे," काकू भिंगरीकडे वळून म्हणाल्या, "तीन दिवस. त्यानंतर महिनाभर आमच्या घरात नुसत्या चिठ्ठ्या चालल्या. 'भाजी झाकून ठेवली आहे.' 'दिवा घालवावा.' तेव्हापासून कानाला खडा. मी कुणाकडून काही शिकत नाही."

भिंगरीनं आत्याकडे बघितलं. आत्यानं पेला धुतला, नळाखाली काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिला.  सुतारकाका रंधा ठेवून बाहेर आले, टोपीवाला काठीवर रेलला, आणि दादा पायऱ्यांवर ऐसपैस बसला, सर्कस बघायला बसावं तसा.

होडी निघाली.

पहिली दहा मिनिटं झाली ती अशी. मोटारीच्या या मास्तरांनी वल्ही ओढली आणि त्याच वेळी उजवा पाय होडीच्या तळावर दाणकन आपटला.

"काका, पाय कशाला?"

"ब्रेक!" मास्तर म्हणाले. "सवय आहे गं. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो."

"होडीला ब्रेक नसतो."

"मग थांबवायची कशी?"

"ओढायचं थांबलं की थांबते."

"हे मात्र मोटारीत आणायला हवं," मास्तर विचारात पडून म्हणाले.

डावीकडच्या काठानं उंच पाणगवत होतं आणि होडी हळूहळू तिकडे सरकत होती. उजवीकडे वळायला हवं होतं. भिंगरीच्या हातांना हे पाठ होतं: उजवीकडे वळायचं, तर डावं वल्हं ओढायचं. जिकडे जायचं त्याच्या उलट हात.

"काका, डावं ओढा."

मास्तरांनी डावं ओढलं. होडी आणखी डावीकडे वळली.

"डावं, काका!"

त्यांनी आणखी जोरात डावं ओढलं. होडीचं नाक सरळ पाणगवतात घुसलं, आणि आतून दोन बदकं शिव्या देत बाहेर पडली.

काठावरून दादाचं हसू ऐकू आलं. त्याहून मोठं काकूंचं.

भिंगरीच्या जिभेच्या टोकावर सगळं तयार होतं. अहो, डावा म्हणजे डावा! पण तिला दगडावर पाठ करून बसलेले साहेब आठवले. तिनं ओठ घट्ट मिटले. पेल्यातलं पाणी थरथरलं, थोडं सांडलंही.

"बाळ," मास्तर गवत बाजूला सारत म्हणाले, "मी बावीस वर्षं लोकांना डावं-उजवं शिकवतोय. चुकेन, पण यात नाही चुकणार. हा माझा डावा हात." आणि त्यांनी हात वर केला.

भिंगरीनं बघितलं. मग स्वतःचं डावं कोपर थोडं बाहेर काढलं. तिचं डावं कोपर होडीच्या एका बाजूला, आणि मास्तरांचा डावा हात दुसऱ्या.

आता तुमची खुर्ची आठवा. तिच्यासमोर दुसरी खुर्ची ठेवा, तोंडाला तोंड, आणि तिच्यावर कुणाला तरी बसवा. दोघांनीही डावा हात वर करा. बघा, कसे समोरासमोर येत नाहीत ते! भिंगरी चार वर्षं मधल्या फळीवर बसून वल्हवत आली होती. शेवटच्या फळीवर बसायचं ते पाहुण्यांनी, अशी तिची समजूत. तिथे बसल्यावर तिचं तोंड फिरलं होतं, पण तिचे हात अजून मधल्याच फळीवर बसले होते. ती सांगत होती ते तिच्या जुन्या जागेवरून. पाहुणे बिचारे सांगितलं तेच करत होते. बँकेतले साहेबसुद्धा.

भिंगरीचे कान लाल झाले. साहेबांना ती काय काय बोलली होती!

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. माझंच उलटं होत होतं. आता उजवं ओढा."

मास्तरांनी उजवं ओढलं. होडी शहाण्यासारखी गवतातून बाहेर आली आणि मधल्या पाण्याला लागली.

"चूक लगेच कबूल केलीस," मास्तर म्हणाले. "मला त्याला अकरा वर्षं लागली. आणि तीही चिठ्ठीनं."

पण खरी अडचण पुढेच होती. बेटाच्या अलीकडे पाण्याखाली वीतभर खोल एक जुनं झाडाचं खोड पडलेलं होतं. वरून काही दिसायचं नाही, पण होडी त्यावर चढली की अडकलीच. वाडीतल्या पोरांना त्याची खूण पाठ असायची: चहाच्या टपरीचा लाल पत्रा वाकड्या झाडाआड गेला, की बाहेरच्या बाजूला वळायचं. सोपी खूण. पण ती कुणासाठी? वल्हवणाऱ्यासाठी! त्याचं तोंड वाडीकडे असतं. भिंगरीसमोर आता नुसतं चकाकणारं पाणी होतं, पुढे बेटावरची झाडं, आणि सगळी झाडं एकसारखी. चार वर्षं रोज याच पाण्यावरून गेलेली पोरगी, आणि तिला नदी ओळखू येईना! तिनं ती कधी पुढून बघितलीच नव्हती.

तिनं मान मागे वळवली. पेला हिंदकळला आणि पाणी तिच्या गुडघ्यावर सांडलं. पेला अर्ध्यावर यायला आता फार उरलं नव्हतं. पुन्हा मागे वळणं परवडणार नव्हतं.

"मला तर काही दिसतच नाही," नेमके तेव्हाच मास्तर कुरकुरले. "पाठीला काय डोळे आहेत मला? ही कसली गाडी, जिला पुढची काच नाही! मला नुसता तो लाल पत्रा दिसतोय, आणि त्याच्याखाली आमची बायको. अजून हसतेय."

भिंगरी ताठ बसली.

"काका! लाल पत्रा दिसतोय तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं?"

"आणि त्याच्या बाजूला वाकडं झाड?"

"आहे की. कंबर दुखत असल्यासारखं."

"ते पत्र्याच्या किती जवळ आहे?"

"हातभर. आता... वीतभर. अरेच्चा, झाड पत्र्याकडे चाललंय की काय! आता चिकटलं. गेला! पत्रा गेला. बायकोही गेली."

"आता उजवं! तीन वेळा!"

मास्तरांनी उजवं ओढलं. एक, दोन, तीन. होडीच्या बाजूनं, हिरव्या पाण्याखालून, एक लांब काळी पाठ सरकत मागे गेली. मास्तरांनी ती बघितली आणि पाय दाणकन आपटला. सवय!

"हे... हे माहीत होतं तुला?"

"हो."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वळून बघितलं असतं," भिंगरी म्हणाली. "आणि वळून बघितलं की वल्हं सुटतं."

त्यानंतर मास्तरांना आपला मोठा उपयोग आहे असं वाटायला लागलं, आणि माणसाला एकदा असं वाटलं की त्याचे हातही सुधारतात. "पोस्टाची खिडकी दिसतेय, बंद आहे," ते सांगायचे. "एक कुत्रा पायरी उतरतोय. तुझा तो भाऊ उभा राहिलाय." भिंगरी तिला दिसणारं पुढचं सांगायची, ते त्यांना दिसणारं मागचं. दोघांची मिळून एक नदी पुरी होत होती.

बेटाच्या पलीकडे पोचले तेव्हा मात्र मास्तर गळाठले. तिथे वारा नव्हता, ऊन तोंडावर होतं. वल्ही थांबली. मास्तरांचा चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता.

"घसा कोरडा पडला गं," ते म्हणाले. "चहूकडे पाणी आणि मी तहानलेला." मग त्यांची नजर पेल्यावर गेली आणि लगेच शिष्टपणे दुसरीकडे वळली. 

पेल्यात बरोबर निम्म्याहून बोटभर जास्त पाणी होतं. आता नुसतं बेट संपवायचं, मग नदीच उतरत्या पाण्यानं होडी धक्क्यापर्यंत घेऊन जाणार. म्हणून तर जाताना वरच्या अंगाला जायचं आणि येताना खालच्या. दमल्यावर नदी हात देते. म्हणजे वल्ही मिळाल्यातच जमा होती. खिळ्यावरची ती जोडी भिंगरीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तेलाचा वाससुद्धा आला.

मास्तरांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"घ्या," भिंगरी म्हणाली.

"अगं, तुझं..."

"घ्या हो काका. नळाचं आहे."

मास्तरांनी तोंड लावलं आणि एका दमात पेला रिकामा केला. त्यांना परीक्षेबिरीक्षेचं काहीच ठाऊक नव्हतं. "वा! जीव आला," म्हणून त्यांनी पेला परत दिला आणि असे काही हात मारायला लागले की होडीला पंख फुटले.

भिंगरी रिकामा पेला दोन्ही हातांत धरून बसली. आता काही राहिलं नव्हतं. एकदा वल्हं होडीच्या कडेवरच्या खुंटीतून निसटलं, तेव्हा तिचा हात आपोआप पुढे गेला. सांडायला पाणीही नव्हतं. पण तिनं हात मागे घेतला, पेला आणखी घट्ट धरला आणि म्हणाली, "काही नाही काका. सावकाश. आधी उचला, मग बसवा." मास्तरांनी आधी उचललं, मग बसवलं. त्यांना एवढा आनंद झाला की ते शीळ घालायला लागले.

धक्का जवळ आला. "आता पुढचं मी सांगते," भिंगरी म्हणाली. "थोडं डावं. बास. आता दोन्ही उचला." होडी अलगद सरकत निघाली.

"थांब, पेला दे," मास्तर म्हणाले. "कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, असं आमची आई सांगायची." आणि भिंगरी काही म्हणायच्या आत त्यांनी पेला नदीत बुडवला, काठोकाठ भरला आणि तिच्या हातात ठेवला. त्याच क्षणी होडी धक्क्याला टेकली. नुसती टेकली, आदळलीसुद्धा नाही.

वरून एकच आरडाओरडा झाला.

"काठोकाठ!" टोपीवाल्यानं काठी वर केली. "अरे, काठोकाठ आणला पोरीनं!"

"माझा तर पाऊणच होता," दादाच्या तोंडून निघून गेलं.

"पाऊण? अर्धाही नव्हता, आम्ही डोळे झाकले म्हणून," सुतारकाका म्हणाले आणि खोपटाकडे धावले. बाहेर आले ते वल्ह्यांची जोडी घेऊनच. ती त्यांनी आत्याच्या हातात दिली, कारण द्यायची आत्यानंच असा नियम होता. आत्या कधी हसायची नाही, पण आज तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला होता. तिनं वल्ही पुढे केली.

भिंगरी पेल्यात बघत होती. पाण्यावर पाणगवताचं एक इवलंसं हिरवं पान तरंगत होतं. बाकी कुणाला ते दिसलेलं नव्हतं. एक घोट घेतला असता, तर पान पोटात आणि गोष्ट पोटात.

हात पुढे करायचा अवकाश होता.

"आत्या," ती म्हणाली. आवाज एवढा लहान आला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "आत्या, हे नदीचं पाणी आहे. माझं काकांनी प्यायलं. मीच दिलं."

 मास्तर एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर असे अडकले. "म्हणजे? ते प्यायचं पाणी नव्हतं? माझं काही चुकलं का?"

"पेला कशासाठी असतो? हात अडकवायला!" सुतारकाका तडतडले. "हात लावला का तिनं वल्ह्याला? विचारा यांना."

"छे हो!" मास्तर म्हणाले. "एकदासुद्धा नाही."

"नियम म्हणजे नियम," दादा म्हणाला. "मी नाही तीनदा गेलो?"

वल्ही अजून आत्याच्या हातांत, मध्येच थांबलेली. ना खिळ्यावर, ना भिंगरीकडे. आत्यानं नदीकडे बघितलं, मग आभाळाकडे, आणि नुसतं एवढंच म्हणाली, "सूर्य अजून हातभर वर आहे." मग वल्ही खोपटात न नेता तिनं तिथेच पायरीला टेकवून ठेवली.

इतक्यात काकूंना हसू आवरेना. "ह्यांना शिकवलंस म्हणजे कमाल आहे बाई तुझी! शीळ घालत आले. बावीस वर्षांत गाडीत कधी शीळ ऐकली नाही मी. पण हे सोपे. मला कुणी शिकवून दाखवावं!"

भिंगरीनं एकदा पायरीकडे बघितलं, एकदा काकूंकडे. मग पेल्यातलं पाणी, पानासकट, नदीत ओतलं. नळापाशी गेली, पेला विसळला, काठोकाठ भरला, आणि एक थेंबही न सांडता चालत येऊन काकूंसमोर उभी राहिली. भिंगरी आणि एवढं सावकाश चालणं! टोपीवाल्यानं डोळे चोळले.

"काकू, चला."

"मी? अगं, मी गमतीनं म्हटलं. मला नाही जमायचं. आणि ओरडलेलं मला खपत नाही, आधीच सांगते."

"बरं," भिंगरी म्हणाली.

"डावं-उजवं माझं नेहमी चुकतं."

"माझंही."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं.  त्यांचा उजवा पाय धक्क्याच्या फळीवर हळूच ब्रेक दाबत होता. काकूंनी पंखा मिटला, तो त्यांच्या हातात कोंबला आणि होडीत उतरल्या. मधल्या फळीवर बसल्या. वल्ही धरली, ती उलटी धरली, मग सुलटी. आत्यानं दोर सोडला.

भिंगरी शेवटच्या फळीवर, दोन्ही हातांत पेला घेऊन बसली. तिनं डावं म्हटलं नाही, उजवं म्हटलं नाही. होडी जराशी सुटू दिली, थोडी पुढे झुकली, आणि विचारलं,

"काकू, तिथून तुम्हाला काय काय दिसतंय, ते सांगा बघू मला."